स्कूटीशेजारची ओसरी

वसमत रोड, जिंतूर रोड, कारेगाव रोड. संध्याकाळी सातच्या सुमाराला परभणीतल्या या रस्त्यांवरच्या नव्या वसाहतींतून एक चक्कर मारा. घरं नवी आहेत, कर्ज काढून बांधलेली आहेत आणि प्रत्येक घरात एक हॉल आहे. हॉलमध्ये एल आकाराचा सोफा, सोफा मळू नये म्हणून त्यावर चादर, समोर टीव्ही युनिट, वर पीओपीचं कमळ आणि कमळाच्या कडेने निळा दिवा. माणूस मात्र एकही नाही. घरचे सगळे बाहेर पोर्चमध्ये बसलेत. स्कूटी भिंतीला लावून थोडी जागा केली आहे. आजीसाठी बाज टाकलीय, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्यात, सून पायरीवर बसून मेथी निवडतेय आणि पोरगं गेटला लोंबकळतंय. रस्त्याने जाणाऱ्याला आजी विचारते, "कुठं निघालाव गा?" तो थांबतो, दोन शब्द बोलतो, पाणी पितो आणि पुढे जातो.

लाखभर रुपये हॉलवर गेले आणि घर नांदतंय स्कूटीशेजारी. आपल्याला ओसरी हवी होती, आपण हॉल बांधला. आजचं सदर एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण मोठ्या तोंडाने सांगतो. मग आपल्या हॉलचा फोटो पाहून तो परभणीचा, ठाण्याचा की सुरतेचा हे कुणालाच का ओळखता येऊ नये? मोबाइलवर एक चित्र दिसतं, ते ठेकेदाराला पाठवलं जातं, ठेकेदार तेच चौघांकडे करतो. त्या चित्रातल्या घरात कूलर नसतो, पाण्याचा ड्रम नसतो, ज्वारीचं पोतं नसतं आणि गुडघे दुखणारी म्हातारी तर नसतेच. हे सगळं ज्या घरात आहे त्या घराला ते चित्र काय कामाचं?

आता हॉल ओस का पडतो ते पाहू. सोफ्याचा रंग बदलून तो भरणार नाही. ३० बाय ४० चा प्लॉट असतो, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. हॉलला खिडकी एकच, तीही रस्त्याकडची, आणि मार्च लागला की तिच्यात कूलर बसतो. उजेड बंद, वारा बंद, बाहेरचं दिसणं बंद. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने सहकाऱ्यांना घेऊन १९७७ साली एक जाडजूड ग्रंथ काढला, 'अ पॅटर्न लँग्वेज'. माणसांना कुठे बरं वाटतं हे पाहत पाहत त्यांनी त्यात २५३ नमुने मांडले. त्यातला एक असा: दोन बाजूंनी उजेड येणाऱ्या खोलीत माणसं आपसूक जाऊन बसतात, आणि एकाच बाजूने उजेड येणारी खोली रिकामी राहते. आपल्या हॉलला तर तीही एक बाजू उरत नाही. पोर्च तीन बाजूंनी उघडा आहे. माणसं तिथे बसणार नाहीत तर कुठे बसतील?

कूलरशी माझं भांडण नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, त्या हवेत कूलरसारखं स्वस्त सुख दुसरं नाही. पण कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला समोरून निघायला वाट लागते. वाट नसली की खोली दमट होते, चादरी चिकटतात आणि आपण म्हणतो, "यंदा कूलर गार करंना." बिघाड कूलरमध्ये नाही, नकाशात आहे. घर बांधतानाच कूलरची जागा ठरवा. खिडकीत नको. खिडकीच्या शेजारी भिंतीत त्याच्या मापाची वेगळी मोकळीक सोडा आणि हिवाळ्यासाठी तिला लाकडी झडप करून घ्या. समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवा. या कामाला गवंडी पीओपीच्या कमळाइतके पैसे मागणार नाही. खिडकी मात्र बारा महिने खिडकी राहील आणि तिच्यापाशी कुणीतरी बसेल.

ओसरी ज्यांनी पाहिली नाही अशी एक पिढी आता घरं बांधतेय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड या गावांतल्या जुन्या वाड्यांत मोठ्या दारातून आत आलं की ढेलज लागायची, मग उघडा चौक, आणि चौकाच्या कडेने ओसरी. घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. ओसरी तीन खणाची, पाच खणाची. जोतं एवढं उंच की काठावर बसलं की पाय नीट जमिनीला टेकावेत. एक बाजू चौकाला पूर्ण उघडी, मागे भिंत. भिंतीत दिव्यासाठी देवळ्या, पागोट्या-टोप्यांसाठी खुंट्या. भिंतीच्या खालच्या अंगाला, बसल्यावर पाठ येते त्या उंचीवर, एक तेलकट पट्टा. वर्षानुवर्षं पाठी टेकून टेकून पडलेला. त्या पट्ट्यावरून घरातला कोण कुठे बसायचा हे सांगता यायचं. खांबाजवळची जागा आजोबांची. तिथून ढेलजेत कोण आलं तेही दिसायचं आणि माजघरात काय चाललंय तेही ऐकू यायचं. पाहुण्याला पाणी इथेच, सालदाराचा हिशेब इथेच, शेवयांचा पाट इथेच, पोरांचा अभ्यासही इथेच. एकाच जागी घरातली सगळी कामं एकमेकांच्या नजरेत चालायची. घराची ऊब म्हणतात ती यातून येते. पिवळ्या भिंतीला आणि मखमली उशीला ती आणता येत नाही.

सगळं तेव्हा गोड होतं असं मी म्हणत नाही. ओसरीवर कुणी बसायचं आणि कुणाला चौकाबाहेर उभं राहावं लागायचं हे जातीने ठरलेलं होतं. घरच्या सुनेला दिवसाउजेडी ओसरीच्या काठावर बसायची मुभा नव्हती. आज सून पोर्चच्या पायरीवर बसून मेथी निवडते आणि रस्त्यावरच्या माणसाशी बोलते, ही त्या वाड्यापेक्षा चांगली गोष्ट आहे. नवी ओसरी बांधायची ती या सुनेसाठी बांधायची.

"मग काय, माळवदाची घरं परत बांधायची का?" असं कुणी विचारेल. नाही. अजिबात नाही. माळवद काय होतं ते आधी समजून घ्या. खांब, खांबांवर तुळया, त्यांवर कडीपाट, त्यावर लिंबाचा पाला आणि त्यावर पांढरी माती. ही माती गावच्या गढीची नाहीतर पांढरीची, म्हणजे गाव वसलेल्या उंच जागेची. चोपून बसवली की पाणी धरत नाही. पावसाच्या तोंडावर माळवद गळू नये म्हणून नवा थर चढवायचा. असे थर चढत चढत फूट-दीड फूट माती वर बसायची, कुठे त्याहूनही जाड. आत मे महिन्यात गारवा आणि पौषात ऊब, दोन्ही त्या मातीमुळेच. पण भिंती दगडाच्या, मातीत बांधलेल्या. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारे आरपार दगड बऱ्याच ठिकाणी घातलेले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. भूकंपाने किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. झोपेतच भिंती कोसळल्या आणि वरची माती अंगावर आली. जिथे छताचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर होता तिथे काही घरांच्या भिंती पडूनही खांब उभे राहिले. पण त्या सकाळी हे बघायला कुणाला उसंत होती?

त्यानंतर सगळ्या मराठवाड्यात लोकांनी माळवदं उतरवली. परभणीच्या खेड्यापाड्यांतूनही माती खाली आली आणि पत्रा वर गेला. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. आपल्या लेकरांच्या डोक्यावर टनभर माती ठेवून कोण झोपेल? आणि धोका काही टळलेला नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यातून ४.५ तीव्रतेचा धक्का आला, तो परभणीतही जाणवला. पुन्हा १० जुलैला तसाच. मार्चमध्ये प्रशासनाला आवाहन करावं लागलं होतं की पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. माती उतरवली आणि दगड चढवले, अशी आपली गत झाली होती.

मला खुपतं ते वेगळंच आहे. माळवदात जीव घेणारं जे होतं ते छतावरच्या मातीत होतं आणि भिंतीच्या कच्च्या बांधणीत होतं. ओसरीत नव्हतं. चौकात नव्हतं. देवळीत, फडताळात, उंबऱ्यात नव्हतं. आपण मातीबरोबर हे सगळंच टाकून दिलं आणि त्याच्या जागी चार भिंती, एक दार आणि वर तापणारा पत्रा एवढंच ठेवलं. पुढे पैसे आले तेव्हा पत्र्याच्या जागी स्लॅब आला, नकाशा मात्र तोच डबा राहिला. आज आरसीसीचे खांब आहेत, भिंतीभोवती फिरणारी लिंटेलची सलग पट्टी आहे, इंजिनिअर आहेत. सुरक्षित ओसरी बांधायला आता काहीच आडवं येत नाही. फक्त ती मागायला हवी.

मागताना पायाचीही चौकशी करा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातला की भिंतींना तडे जातात. जुन्या लोकांनी शेती काळीवर केली आणि गाव उंच पांढरीवर वसवलं, त्यामागे हे शहाणपण होतं. नव्या वसाहती सरळ काळ्या शेतात उभ्या आहेत. दर दिवाळीला तड्यात पुट्टी भरून वर वॉलपेपर चिकटवणारी घरं मी जिंतूर रोडला पाहतो. तो वॉलपेपरचा पैसा पायात जायला हवा होता.

आता महालक्ष्म्या. पुण्याच्या डिझायनरने काढलेला परभणीचा हॉल चालतो की नाही हे भाद्रपदात कळतं. ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे घेऊन दोन सवाष्णी दारातून आत येतात, कुंकवाच्या पावलांवरून चालतात. त्यांना घर दाखवायचं असतं: इथे धान्य, इथे स्वयंपाक, इथे दुभतं, इथे तिजोरी. हा फेरा म्हणजे घराच्या नकाशाची परीक्षाच. दोन बायका शेजारी-शेजारी, हातात ताट आणि मुखवटा घेऊन, कशालाही न धडकता दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतात का? एल सोफा आणि काचेचं सेंटर टेबल असलेल्या हॉलमध्ये जाऊ शकत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी सोफा उचलून गच्चीवर. गच्चीवर पाऊस, म्हणून सोफ्यावर ताडपत्री. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. पुण्याहून धाकटा आलेला, हैदराबादहून लेक-जावई आलेले. पंगत बसवायची तर जमिनीवर सलग भिंतीशी जागा हवी, आणि भिंतीशी तर टीव्ही युनिटचं पोट पुढे आलेलं. महालक्ष्म्यांवर फुलोरा बांधायचा तर वर कडी नाही. मग पीओपीला खिळा. मग पीओपीचा टवका ताटात.

यावर उपाय साधा आहे आणि तो एकदाच करता येतो. स्लॅब भरायच्या दिवशी सळईला बांधून लोखंडी कड्या खाली सोडा. दोन कड्या बंगईसाठी, सहा फुटांच्या अंतरावर. एक पाळण्यासाठी, आतल्या खोलीत. एक महालक्ष्म्यांच्या जागेवर. सेंट्रिंगवाला आणि मिस्त्री त्या दिवशी घाईत असतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांना खडूने खुणा करून द्या. स्लॅब पडल्यावर ड्रिलने घुसवलेल्या हुकावर माणसाचा भार टाकायला भीती वाटते. सळईत अडकवलेल्या कडीवर दोन पिढ्या झोका घेतील. आणि ज्या घरात बंगई आहे त्या घरात दुपारी भांडण झालं तरी संध्याकाळी बाप-लेक एका फळीवर बसलेले दिसतात. हे मी अंदाजाने लिहीत नाही, बघून लिहितो.

सोफा नकोच असं नाही. एल नको. भिंतीलगत दगडी किंवा विटांचा कट्टा बांधा, १६ इंच उंच, वर शहाबादी फरशी, फरशीवर गादी, गादीवर वाकळ. आजीच्या नऊवारीची, आईच्या सुती लुगड्याची, मुलीच्या पहिल्या फ्रॉकच्या तुकड्याची वाकळ. जिंतूरकडच्या तांड्यांवर आरशांचं भरतकाम करणाऱ्या बंजारा बाया अजून आहेत; उशांचे अभ्रे त्यांच्याकडून करून घ्या आणि घासाघीस करू नका. कट्ट्याखाली कप्पे ठेवले तर पंगतीचे पाट आणि सतरंज्या तिथेच राहतील. वाळत घातलेले कपडे आणि शाळेची दप्तरं पडायला घरात एक सोफा लागतोच, तो आतल्या खोलीत असू द्या.

आणि भिंतीवरचे फोटो. डिझायनर सांगतो, हॉलची भिंत मोकळी ठेवा, घरचे फोटो बेडरूममध्ये न्या. आमच्याकडे ज्या घरांत बाबासाहेब आणि बुद्ध आहेत त्या घरांत ते पहिल्या खोलीच्या पहिल्या भिंतीवर आहेत, कारण त्या घराला पहिली खोली त्यांच्यामुळे मिळाली. कुणाकडे विठोबा आहे, कुणाकडे मक्केचं चित्र, कुणाकडे हार घातलेले वडील. ही भिंत घराची ओळख आहे. तिच्यासमोर कपाट उभं करू नका. तिच्यावर खिडकीचा उजेड पडेल अशी बाजू निवडा, चौकटी एका उंचीला लावा. झालं.

स्वयंपाकघराबद्दल मात्र मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. घरातली बाई जिथे दिवसाचे सर्वाधिक तास उभी असते ती खोली घरात सगळ्यात मागे, सगळ्यात लहान आणि सगळ्यात तापणारी. स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं म्हणून घरमालक दोन महिने ठेकेदाराशी वाद घालतो. आत वारा कुठून येईल हे एकदाही विचारत नाही. पंखा लावला तर गॅस विझतो, म्हणून पंखाही नाही. निदान समोरासमोर दोन खिडक्या द्या. हॉलकडच्या भिंतीत हातभर रुंद मोकळीक ठेवा, म्हणजे तिला बाहेरचं बोलणं ऐकू येईल आणि आतून उत्तर देता येईल. आपल्याकडे रोज भाकरी होते. परभणी मोती ज्वारी आपल्याच विद्यापीठाने दिली, तिची भाकरी थापायला खांद्यातून जोर लागतो. शहरी मापाच्या ओट्यावर काठवट ठेवली की ती फार उंच होते आणि खांदे धरतात. ओट्याचा दोन फूट भाग चार इंच खाली घ्या. फरशीवाल्याला एक जादा जोड द्यावा लागेल, बस. मोड्युलर किचनच्या कुठल्या माहितीपत्रकात हे दिसणार नाही, कारण ते काढणाऱ्याने भाकरी थापलेली नसते. आणि माप घेताना घरमालकाचं घेऊ नका. जी थापणार आहे तिला उभं करा.

ट्रॉलीत चमचे राहतात. वर्षाची ज्वारी, गहू, तूर राहत नाही. पूर्वी भिंतीतच धान्याचं बळद असायचं. आज जिन्याखालची जागा त्यासाठी धरा, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर कोठ्या, आणि दाराला खाली-वर जाळी. तिथे बूट ठेवायचे नाहीत.

पाण्याचंही तसंच. शहराच्या नळाला रोज पाणी नाही, हे उघड सत्य आहे. मग घराच्या नकाशात ड्रमला जागा का नाही? ड्रम शेवटी न्हाणीत नाहीतर बेडरूमच्या दाराआड उभा राहतो आणि हजारो रुपयांच्या टाइल्सवर गंजाचं गोल पडतं. मागच्या अंगाला सावलीत पक्का हौद बांधा, झाकण आणि खाली तोटी. माठ मात्र आत, पण जिथून वारा वाहतो त्या वाटेवर. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं तेव्हाच आतलं गार होतं. फ्रिजच्या शेजारी कोंदट कोपऱ्यात ठेवलेल्या माठाचं पाणी कोमटच राहणार.

हे सगळं बंगलेवाल्यांचं झालं, असं म्हणू नका. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. योजनेची मूळ मदत १ लाख २० हजार. त्यात ओसरी बसते का? बसते. गंगाखेड-पालमकडे घरकुलांपुढे लोकांनी स्वतःच पत्र्याचा पाच फुटी उतार काढून, दोन लोखंडी नळ्या रोवून, खाली मुरूम चोपून बसायला जागा केलेली दिसते. ते घरकुलाच्या नमुन्यात पहिल्यापासून असायला हवं. नऊ इंची भिंतीत साडेचार इंच खोल कोनाडे विटा रचतानाच सोडता येतात. कपाटाचा खर्च वाचतो. दारासमोर खिडकी घेतली की वारा आरपार जातो. आणि छतावर चुन्याचा पांढरा हात द्या. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये छतं थंड राखण्याचं धोरणच जाहीर केलं. आपला उन्हाळा त्यांच्यापेक्षा सौम्य नाही. उन्हाळ्याच्या आधी चुन्याचे दोन हात दिले तर स्लॅब आणि पत्रा दोन्ही कमी तापतात, हे गल्लीतली कुठलीही म्हातारी सांगेल.

एक सगळ्यात स्वस्त गोष्ट राहिली. दिवा. आपल्या घरात संध्याकाळ झाली की पांढरी फट्ट ट्यूब लागते आणि सगळ्यांचे चेहरे दवाखान्याच्या वॉर्डातल्यासारखे दिसतात. एलईडी बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो. ६५०० केल्विन म्हणजे पांढरा-निळसर, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, कंदिलाच्या जवळचा. किंमत जवळपास सारखीच. अभ्यासाच्या टेबलावर आणि ओट्यावर पांढरा ठेवा, बसायच्या जागी पिवळा. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्यापेक्षा भिंतीवर दोन, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. देवळीत ठेवलेला दिवा याच उंचीवर असायचा आणि त्या उजेडात समोरच्याचे डोळे दिसायचे.

शेवटचं, आणि हे जरा घाईचं आहे, कारण रोज कुठेतरी घडतंय. वाडे पडताहेत. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आलेले लोक तिथल्या कोरीव दारांचं, दिव्यांचं, अडकित्त्यांचं कौतुक सांगत परत येतात. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून घरगुती वस्तूंचा तो संग्रह उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आपल्या स्वतःच्या वाड्याची सागवानी चौकट मात्र आपण वाटणीनंतर भंगारवाल्याला मोजून देतो. असं लाकूड पुढे शहरातल्या हॉटेलांत आणि फार्महाऊसवर शोभेला लागतं, आणि आपण त्या पैशातून सनमायका लावलेलं प्लायवुडचं दार आणतो, ज्याचा खालचा काठ दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो.

वाडा पाडायचा ठरलाच असेल तर मजूर लावायच्या आधी सुताराला बोलवा. पाडणारे सब्बल घालून चौकट उपटतात, आणि शंभर वर्षं टिकलेला सांधा एका झटक्यात फाटतो. सुतार सांध्यातल्या खुंट्या ठोकून बाहेर काढतो आणि सांधे मोकळे करतो. एकेका खांबावर, तुळईवर खडूने आकडा घाला, फोटो काढून ठेवा. चौकटीचा उंबरा कापू देऊ नका. नव्या दाराची उंची कमी पडत असेल तर भिंतीतली मोकळीक वाढवा. तुळया भावांनी वाटून घेतल्या तरी चालेल, एका तुळईचा कट्ट्याचा काठ होतो, दुसरीची बंगईची फळी. खांब मात्र जोडीने ठेवा. ते भार घ्यायला वापरायचे की नुसते उभे करायचे हे इंजिनिअरला विचारूनच ठरवा. पोखरलेला भाग कापून टाका, उरलेल्याला वाळवीचं औषध द्या. रंधा खोल मारायचा नाही. वरचा काळा थर हलक्या हाताने घासला की खालचा साग मधाच्या रंगाचा निघतो. त्यावर पॉलिश नको, जवसाचं तेल द्या, फडक्याने जिरवून. आठवडाभर सावलीत वाळवा, मगच बसवा.